श्रूजबरीच्या प्रयोगात दार उघडलं होतं का?

हेमाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्याशी भांडायला निघाले होते. गाडी ड्राइव्हवेतून बाहेर काढून झाली होती, शेजारच्या सीटवर एक जुना फोटो पाकिटात घालून ठेवला होता, आणि आता ताईची बोलती कशी बंद करते बघा, अशा आनंदात मी सीटबेल्ट लावत होते. फोनवर रेवा होती, माझ्या या जुन्या मैत्रिणीची मुलगी. ती अमेरिकेच्या पार दुसऱ्या टोकाला, बॉथेलला असते, पण आईची तब्येत खालावली म्हणून इथे श्रूजबरीला येऊन राहिली होती. "शैलामावशी, आर यू ड्रायव्हिंग? गाडी थांबव आधी," एवढंच ती म्हणाली आणि मला कळलं. गाडी तिथेच ठेवून मी चालत त्यांच्या घरी गेले. फोटो हातात तसाच होता. आजारी माणसाशी भांडायला कुणी जातं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. पण शेवटच्या त्या दिवसांत हेमाताईला अन्न जात नव्हतं, टीव्ही नको वाटायचा, भेटायला आलेल्यांची कीव तर मुळीच सहन होत नव्हती; भांडण मात्र छान चालायचं. मी दारात दिसले की उशीला टेकून बसायची आणि म्हणायची, "ये. आज काय पुरावा आणलास?"

भांडण होतं एका दाराचं. आयर्लंडमधलं एक जुनं, गाजलेलं नाटक आहे. हेमाताई त्याला नावाने कधी हाक मारत नसे, 'आपलं नाटक' म्हणायची, म्हणून मीही इथे तेच म्हणते. समुद्रकाठचं गाव, चुलीची खोली आणि तिथे एकटी राहणारी मुलगी. तिचा बाप ती लहान असताना पोट भरायला अमेरिकेला गेला तो गेलाच. आई वाट पाहून मेली. आणि आता इतक्या वर्षांनी बाप बोटीवरून उतरलाय, अशी बातमी गावात पसरते. नाटकभर शेजारीपाजारी येऊन मुलीला सांगत असतात, दार उघड, नको उघडूस. शेवटी दारावर थाप पडते, मुलगी दाराकडे जाते आणि लेखक तिथेच हात झटकून मोकळा होतो. ती दार उघडते की नाही, हे त्याने लिहिलेलंच नाही. जो बसवील त्याने ठरवावं.

रिटायर झाल्यावर आमच्याकडचे लोक क्रूझला जातात, गोल्फ शिकतात, नाहीतर नातवंडांच्या मागे धावतात. हेमाताई खोक्यांत शिरली. तिने जन्मभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जंतू ओळखण्याचं काम केलं होतं, त्यामुळे बारीकसारीक बघण्याची तिची सवय काही सुटणारी नव्हती. इथून तासाभराच्या अंतरावर एका विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. तिथे या एकाच नाटकाच्या अमेरिकेत झालेल्या प्रयोगांची कागदपत्रं जमवून ठेवली आहेत: जाहिराती, फोटो, कपड्यांचे नमुने, प्रॉम्प्टरच्या पेन्सिलीने चितारलेल्या संहिता, आणि प्रत्येक प्रयोगानंतर रंगमंच सांभाळणाऱ्या माणसाने लिहिलेला अहवाल. एकेका निर्मितीचं एकेक खोकं. ही खोकी लावून ठेवायला हेमाताई आपणहून जायला लागली, आणि आम्हा सगळ्यांच्या घरचे फोन खणखणू लागले.

काय काय सांगायची ती! कुठल्याशा गिरणीच्या गावातल्या मंडळींनी चुलीजवळ खरी कोंबडी ठेवली होती. दुसऱ्या अंकात ऐन भांडणाच्या प्रसंगात त्या कोंबडीबाईने अंडं घातलं. नटीने न डगमगता ते उचलून फडताळात ठेवलं आणि पुढचं वाक्य म्हटलं. लोकांनी टाळ्यांनी नाट्यगृह डोक्यावर घेतलं. "आणि शैले, मजा काय माहितीय?" ताईला हसू आवरत नव्हतं. "त्या दिवसाच्या अहवालात लिहिलंय, अंडं, खरं. त्यापुढच्या सगळ्या प्रयोगांच्या अहवालात, अंडं, उकडलेलं! टाळी सोडवेना त्यांना!" मुलींच्या एका कॉलेजात बाप झालेल्या मुलीची मिशी दारावर थाप मारताना दारालाच चिकटून राहिली. कुठे पावसाळी हवेने दार फुगलं आणि मुलीने उघडायचं ठरवूनही ते उघडेना, तेव्हा बापच बाहेरून ओरडला, 'जोर लाव!' हे सगळं कोणीतरी त्या त्या दिवशी, थकलेलं असताना, घरी जाण्याआधी लिहून ठेवलं होतं. आणि या गोऱ्या अनोळखी माणसांच्या फजित्या ही आमची बाई आपल्या भावंडांच्या असल्यासारख्या सांगायची. पण खरी उत्सुकता शेवटाची. नवीन खोकं उघडलं की ती आधी शेवटचं पान काढायची आणि निवडणुकीचे निकाल कळवावेत तसा फोन करायची. "ओहायोत उघडलं! टेक्ससमध्ये नाही उघडलं, म्हटलंच होतं मी!"

आणि मग एक दिवस तिच्या डोक्यात आलं की या सगळ्या खोक्यांत आमचं खोकं नाही.

कारण हे नाटक आम्हीही केलं होतं. आमचं इथलं मराठी मंडळ तेव्हा नवीन होतं, आमचे केस काळे होते, आणि दिवाळीच्या कार्यक्रमासाठी शाळेचं सभागृह मिळालं होतं. हेमाताईने नाटक मराठीत आणलं, गाव कोकणात नेलं, बापाला अमेरिकेऐवजी आफ्रिकेला धाडलं आणि नाव ठेवलं 'कडी'. दिग्दर्शन तिचं. प्रॉम्प्टिंगही तिचंच, कारण आमच्यापैकी एकाचंही पाठांतर धड नव्हतं. बाप झालेले डॉक्टर ऑन कॉल असायचे, शेजारी झालेला इंजिनिअर तालमीला यायचा तो पेंगतच यायचा. मुलगी मी होते. बेसमेंटमधल्या तालमींत ताईने आम्हाला अक्षरशः सळो की पळो करून सोडलं होतं. तिच्या मराठी नाटकात मुलगी दार उघडत नाही, हे तिने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. कडीपर्यंत हात न्यायचा, थांबायचं, पडदा. मी एकदा म्हटलं, "ताई, बाप आहे गं तिचा. उघडेल ना?" तर फाडकन म्हणाली, "का उघडेल? हा मनाला येईल तेव्हा जाणार, मनाला येईल तेव्हा येणार, आणि पोरीने पाट मांडून बसायचं? नाही उघडायचं." विषय संपला.

पण प्रयोगाच्या दिवशी मी उघडलं. हे मला पक्कं आठवतं. त्या लोखंडी कडीचा गारवा हाताला आठवतो, समोर घामाघूम झालेले डॉक्टर आठवतात. हेमाताईचं म्हणणं, साफ खोटं. "मी तिथे विंगेत बसले होते. माझ्या नाटकात तू दार उघडलं असतंस तर मी तुला जिवंत सोडलं असतं का? तालमीतलं काहीतरी आठवत असेल तुला." हा वाद आमच्यात कित्येक वर्षं चालला. केळवणांत चालला, मुलांच्या ग्रॅज्युएशनच्या पार्ट्यांत चालला. बघणारे म्हणायचे, या दोघींना एकत्र बसवू नका.

ग्रंथालयात या खोक्यांचा सगळा कारभार नोराकडे आहे. उंच, चष्मेवाली, मनापासून हसणारी बाई. हेमाताईने तिला गाठलं आणि सांगितलं की तुमच्या संग्रहात एक प्रयोग कमी आहे. नोरा खूष झाली, पण नियमावरून हलेना. प्रयोग झाल्याचा काहीतरी पुरावा हवा. कार्यक्रमपत्रिका, फोटो, रेकॉर्डिंग, काहीही चालेल. नुसत्या आठवणीवर खोकं उघडता येत नाही. झालं, हेमाताई हट्टाला पेटली. श्रूजबरीतली घरं पालथी घातली. शेजाऱ्याचं काम केलेला इंजिनिअर आता नोव्हायला असतो, त्याला बेसमेंट उपसायला लावलं. फोटोंचे ढीग आले. आणि त्या ढिगांत नाटकाचा एकही फोटो नाही! आपल्या लोकांनी नाटक चालू असताना कॅमेरे मांडीवर ठेवले होते. नाटक संपल्यावर मात्र सगळं मंडळ रंगमंचावर चढलं होतं, कारण चुलीचा सेट छान दिसत होता. मग त्या चुलीसमोर एकेक कुटुंब, पैठण्या, पोरं, आजी-आजोबा, हातात बटाटेवड्याच्या बश्या. कार्यक्रमपत्रिका मिळाली, तर त्यात कार्यकारिणीच्या सगळ्या सभासदांची नावं, किराणा दुकानाची जाहिरात, श्रीखंड-पुरीचा बेत, आणि नाटकाच्या जागी दोनच शब्द, 'करमणुकीचा कार्यक्रम'. ताईने तेही नोरासमोर ठेवलं. नोराने भाषांतर ऐकून अदबीने विचारलं, "अँड विच वन इज द प्ले?" घरी येऊन हे सांगताना ताई हसत होती, पण डोळे भरले होते.

रेकॉर्डिंगचं आम्ही माधवरावांना विचारलं. हेमाताईचे यजमान. शांत माणूस, मशीनचा भारी शौक. ते म्हणाले, "केलं होतं. पण खराब झालं." संपलं.

तोवर तिचा आजार कळला होता. आम्ही हळू आवाजात बोलायला लागलो. ती मोठ्याने बोलायला लागली. एकदा तिच्या पलंगाशी बसून मी म्हटलं, "ताई, सोड ना आता ते खोकं. कशाला त्रास करून घेतेस?" तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "शैले, माझं नाव नाही लागलं तरी चालेल. पण हे नाटक इथे मराठीतही झालं होतं, हे कुठेतरी लिहिलेलं असू दे. आपण या देशात येऊन नुसतं श्रीखंड नाही खाल्लं." ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. म्हणून तर मी घरातली जुन्या फोटोंची सगळी खोकी पुन्हा उपसली, आणि मला तो फोटो सापडला होता. मी, मागे दार, आणि दार सताड उघडं! त्या आनंदात मी फोटो नीट पाहिलाच नव्हता. ताई गेल्याच्या संध्याकाळी पाहिला. कोपऱ्यात माझ्या हातात बटाटेवड्याची बशी होती.

मग काही दिवस गेले. माणसं आली, गेली. रेवा बॉथेलला परतली. मी जेवण घेऊन माधवरावांकडे जायचे, ते "ठेवा, खातो नंतर" म्हणायचे. आणि एका सकाळी त्यांचा फोन आला. "शैलाताई, ते खराब झालेलं रेकॉर्डिंग सापडलं."

"खराब झालं होतं ना ते?"

"म्हणजे... तेव्हा मी नवीन टेपरेकॉर्डर आणला होता. प्लग फक्त विंगेत होता, म्हणून हिच्या स्टुलाखाली ठेवला. घरी येऊन लावलं तर नुसती हीच! तुम्ही सगळे कुठेतरी लांब, आणि ही कानाशी. मी कॅसेटवर 'खराब' लिहून टाकलं." मग म्हणाले, "आज तिचा आवाज ऐकावासा वाटला. म्हणून शोधली. थोडीशी ऐकली."

मी किंचाळले. खरंच किंचाळले, हातातला डाव खाली पडला. "माधवराव, अहो, हेच! हेच हवं होतं तिला!" ते गोंधळून म्हणाले, "पण यात नाटक कुठे आहे? हीच तर आहे." मी आधी रेवाला फोन केला, मग नोराला. नोरा माझ्याहून जोरात ओरडली, "डोन्ट प्ले इट अगेन! प्लीज! नोबडी टच इट!" इतकी जुनी टेप घरच्या मशीनवर चालवली तर तुटायची. आधी ती त्यांच्याकडे नीट उतरवून घ्यायची, मगच ऐकायची. माधवरावांनी ती कॅसेट लोकरीच्या मफलरात गुंडाळली आणि गाडीत मांडीवर धरून नेली.

ऐकायला आम्ही चौघं बसलो. नोरा, माधवराव, त्यासाठी विमानाने आलेली रेवा, आणि मी. छोटीशी खोली, भिंतीला आवाज शोषणारं कापड, टेबलावर दोन स्पीकर. नोराने कॉम्प्युटरवर सुरू केलं आणि हेमाताई खोलीत आली. "नारळ फोडला का? तिसरी घंटा द्या. डॉक्टर, पेजर बंद!" रेवाने तोंडावर हात ठेवला. "ओ माय गॉड, मावशी, आई किती यंग आहे." मग नाटक सुरू झालं. ताई कुजबुजत पुढे, आम्ही तिच्या मागे. शेजाऱ्याचं वाक्य आधी ती म्हणते, मग लांबून इंजिनिअर म्हणतो. माझं आधी ती, मग मी. प्रत्येकाच्या वाक्यात त्या त्या माणसाचा राग, त्याची लबाडी, त्याचं रडू. आणि मधूनमधून, "डॉक्टर, डावीकडे... अहो, तुमचं डावं!" किंवा "शैले, पदर." आम्ही हसून हसून बेजार झालो. नोराला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. ती थक्क होऊन ऐकत होती. मध्येच थांबवून तिने विचारलं, "हू इज शी? इज शी डूइंग ऑल द रोल्स?" रेवा म्हणाली, "दॅट्स माय मदर. शी वॉज द प्रॉम्प्टर." नोरा खुर्चीतून उठलीच. तिचं इंग्रजी मी माझ्या शब्दांत सांगते. ती म्हणाली, इतक्या खोक्यांत प्रॉम्प्टरच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. प्रॉम्प्टरचा आवाज एकाही खोक्यात नाही. एकाही नाही!

तेव्हाच ठरलं, आमचं खोकं झालं. मी माधवरावांचा हात दाबला. ताई असती तर नाचली असती.

मग शेवट आला. दारावर थाप. माझ्या पावलांचा आवाज. आता इथे प्रॉम्प्टरला काहीच काम नाही, कारण वाक्यच नाही. मी स्पीकरकडे सरकले. आता कडी वाजली तर मी जिंकले, नाही वाजली तर ताई. टेपवर नुसती खरखर... आणि मग त्या खरखरीतून ताईचा आवाज आला, अगदी हळू. "शैले." पुन्हा शांतता. "उघड. उघड गं. किती वेळ उभं ठेवशील त्यांना?"

आणि कडी वाजली.

मला रडू फुटलं. जिंकले म्हणून नव्हे. तिनेच सांगितलं होतं. पोरीने उघडायचं नाही म्हणून आम्हाला तालमींत दमात घेणाऱ्या बाईने ऐन वेळी, अंधारात, स्वतःच मला सांगितलं होतं, आणि मी ते विसरून नुसती कडी तेवढी लक्षात ठेवली होती. तिला आठवत होतं का? आठवत असून ती माझ्याशी भांडत राहिली का? आता कुणाला विचारू? माधवराव म्हणाले, "तिचं आणि तिच्या वडिलांचं बोलणं बंद होतं, आमच्या लग्नापासून. त्यांनीच तोडलं होतं. मग त्या वर्षी त्यांची पत्रं यायला लागली, की येऊ का म्हणून. ही उत्तर देत नव्हती. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी हिने एकदम फोन लावला त्यांना. मला वाटलं, प्रयोग छान झाला म्हणून खुशीत आहे." मला ते वडील आठवले. पुढच्या उन्हाळ्यात आले होते, उन्हाळ्यातही स्वेटर घालून आमच्या रस्त्याने फिरायचे, आणि ताई त्यांच्या एक पाऊल मागून चालायची.

नोराने नोंद करायला घेतली. शेवट काय लिहू, असं तिने मला विचारलं. "ओपन्ड," मी म्हटलं. "दार उघडलं."

टेप अजून चालूच होती. टाळ्या, खुर्च्या सरकल्याचे आवाज, लहान मुलांचा गलका, कुणीतरी वडे गरम आहेत म्हणून ओरडत होतं. नोराचा हात की-बोर्डकडे गेला. तेवढ्यात अगदी जवळून, कुजबुजत नव्हे तर घरात बोलते त्या आवाजात हेमाताई म्हणाली, "माधव, अरे झालं नाटक. बंद कर ते आता."

माधवरावांचा हात सवयीने टेबलाकडे गेला. तिथे बटण नव्हतं. हात तसाच टेबलावर ठेवून, स्पीकरकडे बघत ते म्हणाले, "असू दे गं थोडा वेळ."